शर्यतवीर रोबेर बनुआ

शौर्याचे दोन प्रकार आम्हांस दिसतात. एक चारचौघांच्या देखत गाजविलेले. त्यास टाळ्यांची साथ असते आणि त्याचे फळ बहुधा त्याच दिवशी पदरात पडते. दुसरे अंधारात, कोणी पाहत नसता अंगीकारलेले. त्याचे फळ कधी मिळेल, किंबहुना मिळेल की नाही, हे शूरासही ठाऊक नसते. पहिल्या प्रकारचे वीर जगात पुष्कळ होऊन गेले, दुसऱ्या प्रकारचे त्या मानाने थोडे. एकाच आयुष्यात दोन्ही परीक्षांना बसलेल्या एका पुरुषाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत. मोटारींच्या शर्यतीत एकेकाळी साऱ्या युरोपात अग्रगण्य ठरलेला हा फ्रेंच चालक म्हणजे रोबेर बनुआ.

बनुआचा जन्म २० मार्च १८९५ रोजी पॅरिसच्या नैर्ऋत्येस रांबुयेच्या अरण्यालगत झाला. त्याचे वडील रॉथशील्ड या धनाढ्य घराण्याच्या पदरी शिकारीचे रान राखण्याच्या चाकरीत होते. म्हणजे घरी श्रीमंती नव्हती, पण श्रीमंतांचे वैभव रोज डोळ्यांसमोर होते. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. आरंभी तो पायदळात लढला, पुढे विमानदलात जाऊन लढाऊ विमान चालवू लागला आणि अखेरीस नवशिक्या वैमानिकांचा शिक्षक झाला. त्या काळची विमाने म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि वर कापड. त्यांत बसणाऱ्यास हात स्थिर आणि डोके थंड ठेवावेच लागे. ही शिदोरी त्यास जन्मभर पुरली.

युद्ध संपले आणि असंख्य तरुणांप्रमाणे त्यालाही घरचे शांत जीवन रुचेना. द मार्से या लहानशा मोटार कारखान्यात तयार गाड्यांची चाचणी घेण्याचे काम त्याने धरले. तेथून तो साल्मसाँ कंपनीत गेला व छोट्या मोटारींच्या शर्यतींत नाव मिळवू लागला. १९२४ साली त्यास दलाज या मोठ्या कारखान्याने आपल्या पथकात घेतले. त्या दिवसापासून त्याच्या खऱ्या कीर्तीस प्रारंभ झाला.

१९२५ सालची फ्रान्सची महाशर्यत, म्हणजे ग्रां प्री, पॅरिसजवळील माँलेरी येथे भरली. अंतर १,००० किलोमीटर होते. आल्फा रोमिओ कंपनीचा इटालियन चालक आंतोनिओ आस्कारी आघाडीवर होता. एका वळणावर त्याची मोटार कडेच्या कुंपणास घासली, उलटली आणि त्यात त्याचा अंत झाला. वार्ता कळताच त्याच्या कंपनीने आपल्या उरलेल्या मोटारी शर्यतीतून मागे घेतल्या. बनुआ आणि त्याचा सहकारी आल्बेर दिव्हो यांनी आळीपाळीने एकच मोटार हाकीत जवळजवळ नऊ तासांनी ती शर्यत जिंकली. परंतु विजयाची फुले घेऊन मिरवणे बनुआला योग्य वाटले नाही. ज्या ठिकाणी आस्कारी पडला होता तेथे ती त्याने नेऊन ठेवली. आम्हांस हा प्रसंग त्याच्या साऱ्या विजयांहून मोठा वाटतो, कारण प्रतिस्पर्धी हा वैरी नव्हे, हे तत्त्व सांगावयास सोपे असले तरी विजयाच्या धुंदीत आठवावयास फार कठीण असते.

पुढील वर्षी नवे नियम आले. इंजिनाची मर्यादा दीड लिटरवर आली आणि आल्बेर लोरी या कुशल अभियंत्याने दलाज कंपनीसाठी आठ नळकांड्यांचे एक अपूर्व यंत्र रचले. शक्ती आणि वेग यांत त्यास तोड नव्हती, परंतु एक दोष राहून गेला होता. तप्त धुराची नळी चालकाच्या अगदी जवळून जात असल्यामुळे त्याचे पाय अक्षरशः भाजून निघत. १९२६ च्या उन्हाळ्यात स्पेनमधील शर्यतीत दलाजचे चालक उष्णतेने इतके व्याकूळ झाले की त्यांना मध्येच उतरून आपली जागा दुसऱ्यास द्यावी लागली. लोरी निराश झाला नाही. त्याने यंत्राची रचना फिरविली आणि धुराची नळी चालकापासून दूर, दुसऱ्या बाजूस नेली. आपली चूक उघड झाल्यावर लाजून बसण्यापेक्षा ती दुरुस्त करण्यात शहाणपण असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

१९२७ साल उजाडले आणि त्या दुरुस्त मोटारीने बनुआला जगाच्या शिखरावर नेले. जुलैमध्ये फ्रान्स व स्पेन, सप्टेंबरमध्ये इटली आणि ऑक्टोबरमध्ये इंग्लंड अशा चार देशांच्या महाशर्यती त्याने एकाच मोसमात जिंकल्या. इटलीत तर दुसऱ्या क्रमांकाची मोटार त्याच्यामागून वीस मिनिटांहून अधिक काळाने पोचली. कारखान्यांसाठी असलेले जगज्जेतेपद दलाजला मिळाले. फ्रेंच सरकारने बनुआला लेजन द ऑनर हा बहुमान दिला.

पण दैवाची गती विचित्र असते. शर्यतींचा खर्च न पेलल्याने दलाज कंपनीने त्याच वर्षाअखेर त्या क्षेत्रातून अंग काढून घेतले, आणि युरोपातील सर्वश्रेष्ठ चालक मोटारीवाचून उभा राहिला! १९२९ साली बेल्जियममधील स्पा येथील चोवीस तासांची शर्यत त्याने आत्तिलिओ मारिनोनी याच्या जोडीने जिंकली. त्यानंतर काही वर्षे तो शर्यतींपासून दूरच होता. पुढे बुगाटी कंपनीच्या वतीने तो परत उतरला. १९३७ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ल माँ येथील चोवीस तासांच्या विख्यात शर्यतीत तरुण झाँ-प्येर व्हिमिय याच्या साथीने त्याने पहिला क्रमांक पटकावला. एका अहोरात्रात त्या दोघांनी सुमारे ३,२८८ किलोमीटर अंतर तोडले, म्हणजे ताशी सरासरी १३७ किलोमीटर. या विजयानंतर बनुआने शर्यतींचा कायमचा निरोप घेतला. येथेच त्याचे चरित्र संपते, तरी ते यशस्वी म्हणावे लागले असते.

१९४० साली जर्मन सैन्याने फ्रान्स पादाक्रांत केला. बनुआचा एक जुना प्रतिस्पर्धी विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स हा जन्माने फ्रान्सचा पण पित्याकडून इंग्रज होता. १९२९ साली मोनॅकोची पहिली महाशर्यत त्याने जिंकली होती. युद्धात तो ब्रिटिशांच्या गुप्त कार्याच्या खात्यात शिरला आणि १९४२ च्या मे महिन्यात हवाई छत्रीच्या साहाय्याने फ्रान्समध्ये उतरला. विश्वासू माणूस म्हणून त्याने बनुआला गाठले. व्हिमियही त्यांना येऊन मिळाला. पूर्वी एकमेकांना मागे टाकण्यासाठी धडपडणारे हे तिघे चालक आता एका भूमिगत संघटनेत खांद्यास खांदा लावून उभे राहिले. चेस्टनट हे तिचे सांकेतिक नाव. रात्री विमानांतून टाकलेली शस्त्रे रानात गोळा करावयाची आणि बनुआच्या ओफार्जी येथील वाडीत दडवून ठेवावयाची, असे त्यांचे काम चाले.

१९४३ च्या उन्हाळ्यात जर्मन गुप्त पोलिसांना सुगावा लागला. ऑगस्टच्या आरंभी ग्रोव्हर-विल्यम्स पकडला गेला आणि काही दिवसांतच पॅरिसच्या रस्त्यावर बनुआही त्यांच्या हाती सापडला. त्यास मोटारीत पहारेकऱ्यांमध्ये बसविण्यात आले. वेगाने धावणारी मोटार वळण घेऊ लागली की आतील माणूस कोणत्या बाजूस फेकला जातो, हे ज्याने आयुष्यभर अनुभवले होते तो स्वस्थ कसा बसणार? एक तीव्र वळण येताच त्याने अंगाचा सारा भार दाराकडे झोकला, शेजारच्या पहारेकऱ्यासह तो रस्त्यावर कोसळला आणि क्षणार्धात उठून गल्लीबोळांतून दिसेनासा झाला. पुढे त्याच महिन्यात गुप्त विमानाने तो इंग्लंडला पोचला.

वाचकहो, आम्हांस विशेष सांगावयाचे आहे ते येथेच. बनुआ आता सुरक्षित होता. वय अठ्ठेचाळीस झाले होते. त्याचा चेहरा वर्तमानपत्रांतून फ्रान्सभर परिचित होता, आणि गुप्त पोलिसांनी तर त्यास प्रत्यक्ष पाहिलेले होते. तो इंग्लंडमध्येच राहता तर कोणीही त्यास दोष दिला नसता. तरीही ऑक्टोबरमध्ये तो परत फ्रान्समध्ये उतरला. पश्चिमेकडील नांत शहराच्या परिसरात, ल्वार नदीवरून जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे व रेल्वेचे मार्ग निकामी करण्याची तयारी त्याच्याकडे सोपविली होती. मध्यंतरी तो इंग्लंडला गेला आणि मार्च १९४४ मध्ये पुन्हा एकदा परतला. या खेपेस दनीझ ब्लॉक ही धाडसी तरुणी बिनतारी संदेश पाठविण्यासाठी त्याच्यासोबत होती. पहिल्या वेळी संकटात उडी घेणाऱ्यास त्याची खोली ठाऊक नसते, असे म्हणता येईल. पण एकदा तळ पाहून आलेला माणूस पुन्हा तीच उडी घेतो, तेव्हा ते अविचाराचे धाडस उरत नाही. त्यास निष्ठा हेच नाव शोभते.

६ जून १९४४ रोजी मित्रसेना नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. सुटकेची घटका जवळ येत होती. अशा वेळी आई मरणोन्मुख असल्याचे बनुआला समजले. पॅरिसला जाणे म्हणजे सापळ्यात पाऊल टाकणे, हे त्यास कळत नव्हते असे नाही, परंतु मातेची अखेरची भेट तो टाळू शकला नाही. १८ जून रोजी तो पुन्हा पकडला गेला. दुसऱ्या दिवशी दनीझ ब्लॉकही शत्रूच्या हाती पडली. व्हिमिय मात्र निसटला. ८ ऑगस्टला बनुआला इतर बंद्यांसह आगगाडीने पॅरिसबाहेर नेण्यात आले. त्यानंतर अवघ्या सतराच दिवसांनी पॅरिस मुक्त झाले! जर्मनीतील वायमारजवळच्या बुखेनवाल्ड छळछावणीत सप्टेंबर १९४४ मध्ये त्यास ठार मारण्यात आले. त्या वेळी तो ४९ वर्षांचा होता. ग्रोव्हर-विल्यम्स आणि दनीझ ब्लॉक यांचाही १९४५ साली जर्मनांच्या छळछावण्यांत शेवट झाला.

९ सप्टेंबर १९४५ रोजी, युद्ध थांबल्यानंतर प्रथमच, पॅरिसच्या ब्वा द बुलोन्य या उपवनात मोटारींच्या शर्यती झाल्या. त्यांतील एका शर्यतीच्या चषकास रोबेर बनुआचे नाव देण्यात आले होते. दिवसाची मुख्य शर्यत युद्धबंद्यांच्या नावाने होती. ती व्हिमियने जिंकली.

वीस वर्षांपूर्वी माँलेरीच्या एका वळणावर बनुआने आपल्या विजयाची फुले मृत प्रतिस्पर्ध्याला अर्पण केली होती. आता त्याच्या स्मरणार्थ त्याचे सोबती मोटारी हाकीत होते. वेगाचे विक्रम मोडले जातात. १९३७ चे आकडे आज कोणाच्या डोळ्यांत भरणार नाहीत. पण सुखरूप असता पुन्हा कर्तव्याकडे वळलेल्या त्या पावलांची किंमत काळाने घटत नाही. आमच्या तरुण वाचकांनी मैदानावर विजय अवश्य मिळवावेत, परंतु टाळ्या थांबल्यावर आपण कोण उरतो, हा प्रश्नही अधूनमधून स्वतःस विचारावा. बनुआने त्याचे उत्तर शब्दांनी दिले नाही, ते त्याने आपल्या आयुष्याने दिले.