दंतवैद्यकाला विद्येचे रूप देणारे डॉ. रफिउद्दीन अहमद

पांढुर्णा आणि सौंसरच्या पट्ट्यात म्हातारपणाचे पहिले लक्षण पुष्कळदा पानात दिसते. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करली जाऊ लागते, संत्र्याची फोड चोखून चोथा बाजूला ठेवला जातो आणि ऊस तर पूर्वीच सुटलेला असतो. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण घरातले वडीलधारे हसत हसत स्वतःवरच म्हणून घेतात. पुढे एक दिवस मुलगा किंवा सून त्यांना गाडीत बसवून नागपूर किंवा छिंदवाड्याच्या दंतवैद्याकडे नेते. तिथे दोन मार्ग सांगितले जातात. एक काढता-घालता येणारी कवळी. दुसरा, जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा छोटा स्क्रू बसवून त्यावर कायमचा दात उभा करणे, म्हणजेच दंतरोपण किंवा इम्प्लांट.

खर्चाचा आकडा ऐकून घरची माणसे विचारात पडतात. तेवढ्या वेळात दाराबाहेरच्या पाटीकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष जात नाही. त्या पाटीवर डॉक्टरांचे नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक असतो. दातांची पदवी आणि हा क्रमांक या दोन्ही गोष्टी भारतात रुजाव्यात म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्या डॉ. रफिउद्दीन अहमद यांचे नाव दंतवैद्यांच्या वर्तुळात आदराने घेतले जाते. सामान्य माणसाला ते जवळजवळ अपरिचित आहे.

रफिउद्दीन अहमद यांचा जन्म २४ डिसेंबर १८९० रोजी पूर्व बंगालमधील ढाका जिल्ह्यात, बर्धनपाडा येथे झाला. प्रारंभीचे शिक्षण ढाक्याच्या मदरशात आणि पुढचे अलीगढला झाले. १९०८ साली तेथून बाहेर पडल्यावर त्यांच्यासारख्या शिकलेल्या तरुणापुढे सरकारी नोकरी किंवा वकिली असे रुळलेले रस्ते होते. रफिउद्दीन यांनी १९०९ मध्ये अमेरिकेची वाट धरली आणि आयोवा विद्यापीठात दंतवैद्यकाचा अभ्यास पत्करला. १९१५ साली त्यांना तेथील दंतशल्यशास्त्राची डॉक्टर ही पदवी मिळाली.

ही निवड त्या काळी किती वेगळी होती, हे आज ध्यानात येणे कठीण आहे. दात उपटणे हे त्या वेळच्या भारतात विद्येचे काम मानलेच जात नव्हते. कुठे न्हावी, कुठे वैदू, कुठे बाजारात सतरंजी पसरून बसणारा फिरस्ता ते काम करी. मोठ्या शहरांत परदेशांत शिकून आलेले मोजके दंतवैद्य होते, पण त्यांची पायरी गोरे साहेब, संस्थानिक आणि श्रीमंत व्यापारी यांनाच चढता येई. वैद्यकाची महाविद्यालये देशात केव्हाच सुरू झाली होती. दातांचे शास्त्र शिकवणारी एकही संस्था मात्र नव्हती.

पदवीनंतर अहमद काही काळ बोस्टनच्या फॉरसाइथ दंत रुग्णालयात होते. लहान मुलांच्या दातांवर उपचार करणारी ही संस्था १९१४ साली सुरू झालेली. दात किडून पडल्यावर कृत्रिम दात बसवण्यापेक्षा लहानपणीच कीड थोपवावी, हा तिथला विचार. पुढे अहमद यांनी पुस्तक लिहायला घेतले, तेव्हा त्यांनी जो विषय निवडला तो याच विचाराशी जुळणारा होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये ते भारतात परतले आणि त्यांनी कलकत्त्यात बस्तान बसवले.

परदेशी पदवी गाठीला असलेल्या दंतवैद्याला त्या शहरात चांगला पैसा मिळवता आला असता. अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात दंत महाविद्यालय काढले. भारतातले ते पहिले दंत महाविद्यालय. सरकारी अनुदान नव्हते, पाठीशी विद्यापीठ नव्हते. मग पैसा आणायचा कुठून? यावर त्यांनी काढलेला तोडगा मोठा गमतीचा होता. अमेरिकेत त्यांनी सोडा फाउंटनची दुकाने पाहिली होती. तशाच धर्तीवर त्यांनी कलकत्त्यात न्यूयॉर्क सोडा फाउंटन या नावाचे थंड पेयांचे दुकान थाटले आणि त्याच्या कमाईवर महाविद्यालय चालवले. गोड पेयांच्या विक्रीतून दातांच्या शिक्षणाचा खर्च भागावा, हा योगायोग खुद्द त्यांच्याही नजरेतून सुटला नसेल.

आरंभीच्या वर्षांत विद्यार्थी फार थोडे होते. दातांचा डॉक्टर होण्यासाठी वर्षे खर्च करावीत, हेच लोकांना पटत नव्हते. अहमद यांनी अभ्यासक्रमाची मुदत टप्प्याटप्प्याने वाढवत चार वर्षांपर्यंत नेली. विद्यार्थी कमी म्हणून शिक्षण सोपे करण्याचा मोह त्यांनी टाळला. कलकत्त्यात दंतवैद्यक शिकून १९२३ साली मुंबईत दवाखाना उघडणाऱ्या फातिमा जीना यांचे नाव त्या सुरुवातीच्या काळाशी जोडलेले आहे. स्त्रीने वैद्यकीय व्यवसायात उतरणे हेच अप्रूप असलेल्या काळात मुंबईत एका स्त्रीने दातांचा दवाखाना चालवावा, ही लहान घटना नव्हती. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय निघायला १९३३ साल उजाडावे लागले.

केवळ महाविद्यालय काढून भागणार नाही, हे अहमद यांनी लवकर ओळखले होते. व्यवसायाला स्वतःची संघटना हवी, नियतकालिक हवे आणि पुस्तके हवीत. १९२५ साली त्यांनी बंगालमधील दंतवैद्यांची संघटना उभी केली आणि इंडियन डेंटल जर्नल सुरू केले. १९४६ पर्यंत, म्हणजे दोन दशकांहून अधिक काळ, त्याच्या संपादनाची धुरा त्यांनी वाहिली. १९२८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचा विषय होता दात भरून, दुरुस्त करून वाचवण्याच्या क्रियांचा. त्या काळी दुखरा दात म्हणजे उपटायचा दात, असेच समीकरण होते. सगळे दात काढून रबराच्या पाटीवर बसवलेली कवळी घालणे हा अनेकांना सुटसुटीत उपाय वाटे. विद्यार्थ्याच्या हाती आधी दात राखण्याचे पुस्तक द्यावे, यात अहमद यांची दृष्टी दिसते.

तरीही मूळ दुखणे कायम होते. शिकलेला दंतवैद्य आणि न शिकलेला दात काढणारा यांच्यात कायदा काहीच भेद करत नव्हता. कोणीही पाटी लावावी, कोणाच्याही तोंडात चिमटा घालावा. हात चुकला, जखम चिघळली, जबडा मोडला, तरी रोग्याने दाद मागावी अशी जागा नव्हती. अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटपटीतून १९३९ साली बंगालमध्ये दंतवैद्यांसंबंधीचा कायदा झाला. या विषयावरचा देशातला तो पहिला कायदा. त्यानंतर सबंध देशासाठी कायदा व्हावा म्हणून मागणीने जोर धरला आणि स्वतंत्र भारतात १९४८ साली दंतवैद्य अधिनियम संमत झाला. पाठोपाठ १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद अस्तित्वात आली.

या कायद्यातील दोन गोष्टी पडलेल्या दाताच्या संदर्भात महत्त्वाच्या आहेत. पहिली व्याख्येची. दात काढणे आणि दाताच्या रोगावर उपचार करणे एवढ्यावरच ती थांबली नाही. कृत्रिम दात तयार करणे आणि ते तोंडात बसवणे हाही दंतवैद्यकाचाच भाग ठरला. म्हणजे कवळी ही बाजारातून मापाने घ्यायची वस्तू राहिली नाही, ते उपचार झाले. दुसरी गोष्ट नोंदणीची. पदवीधर दंतवैद्यांची नावे नोंदवहीच्या एका भागात आली. पदवी नसलेले, पण अनेक वर्षे याच धंद्यावर पोट भरणारे लोक ठरावीक अटींवर दुसऱ्या भागात घेतले गेले. ही तडजोड होती. जुन्यांची भाकरी एकाएकी हिसकावायची नाही आणि नव्यांना शिक्षणावाचून दार उघडायचे नाही, असा तिचा अर्थ होता. आदर्शाचा आग्रह धरणाऱ्यांना ती खटकली असेल. पण खेडोपाडी शिकलेला दंतवैद्यच नसलेल्या देशात ती व्यवहार्य होती.

१९४९ साली अहमद यांनी आणखी एक मोठा निर्णय घेतला. तीस वर्षे पदरमोड करून वाढवलेले महाविद्यालय त्यांनी पश्चिम बंगाल सरकारच्या स्वाधीन केले. त्यानंतर ते कलकत्ता विद्यापीठाशी जोडले गेले. आज ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

दरम्यान फाळणी झाली होती. अहमद यांचे जन्मगाव आता दुसऱ्या देशात गेले होते. ते कलकत्त्यातच राहिले. १९५० साली ते डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या मंत्रिमंडळात गेले आणि १९६२ पर्यंत त्यांनी कृषी, सहकार, समाजविकास, मदत व पुनर्वसन अशी खाती सांभाळली. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते. ज्या भूमीत आपण जन्मलो, तेथूनच उठून आलेल्या माणसांचे संसार नव्याने उभे करण्याच्या कामात ढाक्याच्या या सुपुत्राचा वाटा असावा, यात त्या काळाची सारी वेदना सामावली आहे. १९६४ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. ९ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांचे निधन झाले.

आणि त्याच १९६५ साली, दूर स्वीडनमध्ये, पडलेल्या दातांच्या इतिहासाला नवे वळण मिळाले. पेर-इंगवार ब्रॉनेमार्क हे संशोधक सशाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहण्यासाठी टायटॅनियमचे उपकरण वापरत होते. प्रयोग संपल्यावर ते काढायला जावे, तर निघेना. हाड त्या धातूला घट्ट बिलगले होते. या निरीक्षणावरून पुढे काम करत त्यांनी १९६५ मध्ये गोथेनबर्ग येथे योस्ता लार्सन या रोग्याच्या जबड्यात टायटॅनियमची रोपणे बसवली. लार्सन २००६ साली वारले तेव्हाही ती त्यांच्या कामी येत होती. १९८२ साली टोरांटोच्या परिषदेत ब्रॉनेमार्क यांचे काम मांडले गेल्यावर ही पद्धत जगभर पसरली आणि हळूहळू आपल्याकडच्या शहरांतही आली.

ही पद्धत अहमद यांना पाहायला मिळाली नाही. पण ती वापरणारे हात तयार व्हावेत, यासाठीची व्यवस्था त्यांच्या पिढीने घालून दिली होती. त्या पायावर पुढच्या इमारती चढल्या. आपल्या राज्यात इंदूरला १९६१ साली शासकीय दंत महाविद्यालय निघाले. १९५६ पर्यंत पांढुर्णा आणि सौंसर ज्या राज्यात होते, त्याची राजधानी असलेल्या नागपुरात असे महाविद्यालय १९६८ साली झाले. २०२३ मध्ये हे दोन्ही तालुके मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी दाताच्या मोठ्या उपचारासाठी इथल्या माणसाची पावले आजही नागपूरकडेच वळतात.

दंतरोपण हे कवळीपेक्षा कितीतरी नाजूक काम आहे. खालच्या जबड्यातून संवेदना वाहून नेणारी नस जाते, वरच्या दाढांच्या डोक्यावर हाडातली पोकळी असते. स्क्रू थोडा चुकीचा गेला, तर ओठ बधिर होण्यापासून पोकळीत संसर्ग होण्यापर्यंत काहीही घडू शकते. दात पडल्यावर तिथले हाड हळूहळू झिजते, म्हणून क्ष-किरण तपासणी करून हाडाची उंची आणि जाडी आधी मोजावी लागते. हाड स्क्रूला धरण्यासाठी बहुधा तीन ते सहा महिने जाऊ द्यावे लागतात. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा तंबाखू-खर्रा सुटत नसेल, तर रोपण निकामी होण्याचा धोका वाढतो. एवढे सगळे पाहायचे तर समोरचा माणूस रीतसर शिकलेला असावाच लागतो. स्वस्तात आणि एका बैठकीत दात बसवून देतो म्हणणारे तेव्हाही होते, आताही आहेत.

रफिउद्दीन अहमद यांनी सोडा-पाण्याच्या गल्ल्यातून महाविद्यालय चालवले, ते याच फरकासाठी. म्हणून नागपूरच्या दवाखान्यात खर्चाचा हिशेब मांडण्यापूर्वी पाटीवरची पदवी आणि नोंदणी क्रमांक वाचून घ्यावा आणि तो कुठल्या राज्याच्या दंत परिषदेचा आहे, हेही निःसंकोच विचारावे. तो विचारण्याचा हक्क रोग्याला सहजासहजी मिळालेला नाही.