बेडकाचा पाय आणि एक नकार

जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याला आपण गॅल्व्हनाइज्ड पत्रा म्हणतो. या शब्दात ज्यांचे नाव दडले आहे ते पत्र्याचे कारखानदार नव्हते. ते शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते.

लुईजी गॅल्व्हानी यांचा जन्म इटलीतील बोलोन्या शहरी ९ सप्टेंबर १७३७ रोजी झाला. तेथेच वैद्यक शिकून ते तेथेच शिकवू लागले. त्यांचे गुरू गालेआझ्झी यांची कन्या लुचिया ही त्यांची पत्नी. संशोधनातही तिची त्यांना साथ होती.

मज्जातंतूंतून एक सूक्ष्म द्रव वाहतो व त्यामुळे स्नायू हलतात, अशी त्या काळची समजूत होती. एकदा प्रयोगशाळेतील विद्युत्-यंत्रातून ठिणगी उडाली. नेमक्या त्याच क्षणी सहायकाच्या हातातील चाकूचे टोक मेलेल्या बेडकाच्या मज्जातंतूला टेकलेले होते. पाय एकदम आखडला! त्या एका आचक्यामागे गॅल्व्हानींनी जवळजवळ दहा वर्षे घालवली. पितळी आकड्याला अडकवलेले बेडूक लोखंडी कठड्याशी आले की यंत्रावाचूनही त्यांचे पाय हलतात, हे त्यांना १७८६ मध्ये दिसले. वीज प्राण्याच्या देहातच असते, असा निष्कर्ष त्यांनी १७९१ मध्ये प्रसिद्ध केला. तो पाहायला लुचिया मात्र उरली नव्हती. ती आदल्याच वर्षी वारली होती.

पाव्हियाचे प्राध्यापक व्होल्टा यांना हे पटले नाही. वीज दोन भिन्न धातूंच्या संयोगातून निर्माण होते, बेडूक ती केवळ दाखवतो, असे त्यांचे म्हणणे. गॅल्व्हानींनी मग धातूच वगळले. एका पायाचा मज्जातंतू दुसऱ्या पायाच्या मज्जातंतूला टेकवला, तरी स्नायू आखडले! पण १८०० मध्ये व्होल्टांचा विद्युत्घट जाहीर झाला आणि जग त्यांच्यामागे गेले.

तोवर गॅल्व्हानी हयात नव्हते. नेपोलियनच्या विजयानंतर स्थापन झालेल्या प्रजासत्ताकाशी निष्ठेची शपथ घेणे प्राध्यापकांना सक्तीचे झाले. ती आपल्या श्रद्धेला धरून नाही, म्हणून १७९८ मध्ये गॅल्व्हानींनी नकार दिला. पद गेले, वेतन गेले. त्याच वर्षी ४ डिसेंबरला त्यांचे निधन झाले.

दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, हे पुढे कळले. १९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्सली यांनी माकूळ या सागरी जीवाच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून कोडे उलगडले. विश्रांत तंतूची आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋणभारित असते. हा फरक सुमारे ७० मिलिव्होल्ट, म्हणजे एका सेलच्या विसाव्या हिश्श्याइतकाच. संदेश येताच तंतूच्या आवरणातील सूक्ष्म दारे उघडतात. सोडियमचे धनभारित कण आत शिरतात, पाठोपाठ पोटॅशियमचे बाहेर पडतात, आणि ही उलथापालथ तंतूवरून पुढे पुढे सरकत जाते.

हे वाचताना तुमचे डोळे ओळीवरून फिरत आहेत, तेही याच विजेच्या बळावर. पद सोडले पण मन मोडले नाही, अशा एका शिक्षकाची ही देणगी आहे.