राखीव जागेवरचा आमदार नेमका कुणाचा? बाबासाहेबांनी आयुष्यभर लावून धरलेला प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातलं राजूर असो की मुंबई, निवडणूक लागली की पहिली चर्चा ठरलेली. आपल्या वॉर्डात आरक्षण कुठलं पडलं? पण राखीव जागेवरचा माणूस कुणी निवडायचा, यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३५ हून जास्त वर्षं विचार केला.

गोष्ट सुरू होते १९१९ मध्ये. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब तेव्हा मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. वय होतं २७. मताधिकार कुणाला द्यायचा हे ठरवायला इंग्रज सरकारने साउथबरो कमिटी नेमली होती. तिच्यापुढे त्यांनी साक्ष दिली.

त्यांचं म्हणणं असं होतं की, अस्पृश्यांच्या बाजूने बोलणारा सवर्ण पुढारी सभागृहात असणं वेगळं आणि अस्पृश्य माणूस स्वतः तिथं बसणं वेगळं. नुसतं मत पोचून भागत नाही, माणूसही पोचला पाहिजे. शिवाय मतदानाला मालमत्तेची अट ठेवली, तर जातीमुळे ज्यांना मालमत्ता करताच आली नाही ते कायम बाहेरच राहणार.

पुढे त्यांनी उपाय बदलले, प्रश्न सोडला नाही. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी सर्व प्रौढांना मताधिकार आणि संयुक्त मतदारसंघात राखीव जागा मागितल्या. गोलमेज परिषदेत मात्र त्यांनी स्वतंत्र मतदारसंघाचा आग्रह धरला. म्हणजे अस्पृश्यांचा प्रतिनिधी फक्त अस्पृश्य मतदारच निवडणार.

ऑगस्ट १९३२ मध्ये ही मागणी मान्य झाली. त्याविरोधात गांधीजींनी येरवडा तुरुंगात उपोषण सुरू केलं. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला. तोडगा असा निघाला की आधी अस्पृश्य मतदार ४ उमेदवार निवडतील, मग त्यातून एकाला सगळे मिळून निवडतील.

स्वतंत्र भारतात ही पहिली फेरीही राहिली नाही. जागा राखीव, मतदार मात्र सगळे.

याचा अनुभव खुद्द बाबासाहेबांना आला. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत ते उत्तर मुंबईतून राखीव जागेसाठी उभे होते. काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांना हरवलं. १९५४ मध्ये विदर्भात भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही ते पडले. संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष लोकसभेत पोचू शकला नाही. राज्यसभेत मात्र ते होते. ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचं निधन झालं.

७३ व्या घटनादुरुस्तीने राखीव जागा ग्रामपंचायतीपर्यंत आल्या. खुर्चीवर माणूस बसला, हे बाबासाहेबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर झालं. निवडून येण्यासाठी त्याला कुणाची मर्जी सांभाळावी लागते, हे उरलेलं अर्धं. पुढच्या वेळी आरक्षणाची सोडत निघेल तेव्हा तेही विचारून बघा.