गाठीच्या आतलं जाळं

वडील बूट शिवायचे. गाव जर्मनीतलं कोब्लेंझ. १८०१ मध्ये तिथे जन्मलेला योहानेस म्युलर पुढे बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि कॅन्सरच्या गाठी मायक्रोस्कोपखाली पाहू लागला. काही गाठी हाताला दगडासारख्या टणक लागतात. अशा गाठीत पेशींच्या भोवती तंतूंचं जाळं असतं, हे त्याने १८३८ च्या पुस्तकात दाखवलं. या पेशी येतात कुठून, इथे मात्र तो चुकला. ती चूक सुधारली त्याच्याच विद्यार्थ्याने, रुडॉल्फ फिरखोने. म्युलर १८५८ मध्ये गेला. आज कळलंय, की ते जाळं कॅन्सरच्या पेशींचं नसतं. कॅन्सर आजूबाजूला घुसताना आपलंच शरीर ते विणतं. म्हणून बायोप्सी तपासणारे डॉक्टर पेशींसोबत जाळंही बारकाईने बघतात. घुसखोरीचा माग तिथेही लागतो.