बॉस्टनचे बदनाम, तरीही लाडके महापौर

नोव्हेंबर १९४५ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन शहरात महापौरपदाची निवडणूक झाली, तेव्हा जेम्स मायकेल कर्ली यांनी सत्तरी ओलांडली होती आणि टपालाद्वारे फसवणूक केल्याच्या आरोपपत्रात त्यांचे नाव होते. तरीही मतदारांनी त्यांना मोठ्या फरकाने चौथ्यांदा महापौर केले.

कर्लींचा जन्म १८७४ चा, रॉक्सबरीतील गरीब आयरिश स्थलांतरितांच्या घरातला. दहाव्या वर्षी पितृछत्र हरपले. आईने लोकांच्या फरशा पुसून मुले वाढवली. महापौर झाल्यावर कर्लींनी पालिकेतील सफाई करणाऱ्या स्त्रियांना लांब दांड्याची पुसणी दिली. गुडघ्यांवर बसून फरशी घासण्याचा जाच संपला. ही गोष्ट गरीब वस्त्या कधीच विसरल्या नाहीत. आपल्या वॉर्डातील एका माणसाच्या नावाने सरकारी नोकरीची परीक्षा दिल्याबद्दल ते १९०४ मध्ये तुरुंगात गेले, आणि तेथूनच नगरपालिकेची निवडणूक जिंकले. कायद्याला जो गुन्हा वाटला, तो शेजाऱ्यांना उपकार वाटला.

१९१४, १९२२ आणि १९३० मध्ये सुरू झालेल्या कारकिर्दींत सार्वजनिक रुग्णालय वाढले, क्रीडांगणे आणि किनाऱ्यावर स्नानगृहे झाली. करही वाढले. जमैकावे रस्त्यावरील त्यांच्या आलिशान घराला पैसा कोठून आला, याचे समाधानकारक उत्तर कधी मिळाले नाही. पण विरोधक देत काय होते? स्वच्छ कारभार आणि काटकसर. काटकसर म्हणजे पालिकेतली नोकरी जाणे, हे कष्टकऱ्यांना पुरते ठाऊक होते. १९४५ चे प्रमुख प्रतिस्पर्धी जॉन केरिगन हे तर केवळ हंगामी महापौर. शहरापुढे ठेवण्यासारखे त्यांच्याकडे फारसे काही नव्हते.

१९४७ मध्ये कर्ली पदावर असतानाच तुरुंगात गेले. पाच महिन्यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी शिक्षा कमी केली. या काळात नगर लिपिक जॉन हाइन्स यांनी कारभार निमूटपणे सांभाळला होता. परतताच, पाच महिन्यांत झाले नाही इतके काम आपण एका दिवसात केले, अशी फुशारकी कर्लींनी मारली. ती हाइन्स यांच्या जिव्हारी लागली. १९४९ मध्ये ते स्वतःच रिंगणात उतरले आणि कर्ली हरले. या वेळी मतदारांसमोर, कामाची पावती असलेला दुसरा माणूस होता.

त्यानंतरच्या दोन प्रयत्नांतही कर्लींना अपयशच आले. नऊपैकी सात अपत्ये त्यांच्या हयातीतच गेली. त्यांतील दोन १९५० मध्ये एकाच दिवशी. नोव्हेंबर १९५८ मध्ये कर्लींचे निधन झाले, तेव्हा राज्य विधिमंडळाच्या इमारतीत अंत्यदर्शनासाठी बॉस्टनकरांची रीघ लागली होती.