शंतनुराव किर्लोस्कर

शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर (२८ मे १९०३, सोलापूर – २४ एप्रिल १९९४) हे मराठी उद्योजक व यंत्र-अभियंता होते. भारतीय शेतकऱ्याच्या विहिरीवर डिझेल इंजिन पोहोचवणाऱ्या उद्योजकांत त्यांची गणना होते.

जीवन

किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर हे त्यांचे वडील. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथून १९२६ साली पदवी घेऊन शंतनुराव किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात रुजू झाले. तेथे लोखंडी नांगर, उसाचे चरक व पंप तयार होत.

डिझेल इंजिन

१९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. त्या काळी बहुतेक खेड्यांत वीज नव्हती व विहिरीचे पाणी बैलांच्या मोटेने काढले जाई. शिरूर, दौंड यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत घोड व भीमा या नद्यांच्या काठीही उंचावरच्या शेतात पाणी चढवणे कठीण होते. डिझेल इंजिनावरील पंपाने ही अडचण दूर केली. मोठ्या इंजिनांसाठी १९६२ मध्ये अमेरिकेतील कमिन्स कंपनीच्या सहकार्याने पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली.

इंधनपंपाचे कार्य

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा तापते व तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. त्यामुळे डिझेल नेमक्या क्षणी, नेमक्या मापाने आणि मोठ्या दाबाने आत जावे लागते. यांत्रिक पंपात कॅमच्या रेट्याने प्लंजर वर सरकतो. प्लंजरवर तिरकी खाच असते. गव्हर्नर प्लंजर फिरवून डिझेलचे माप कमीअधिक करतो. प्लंजरभोवतीची फट अवघी काही मायक्रॉनची असल्याने डिझेलमधील धूळ व पाणी यांपासून पंप जपावा लागतो. पुढे आलेल्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीत सेन्सर इंजिनाची गती, तापमान इत्यादींची माहिती देतात आणि नियंत्रक विद्युतचुंबकीय झडपेद्वारे फवारणीचा क्षण व माप ठरवतो.

विचार व सन्मान

उत्पादनक्षमता वाढवण्यासही सरकारी परवाना लागे, त्या काळात शंतनुरावांनी या पद्धतीवर उघड टीका केली. मागणी असताना उत्पादन रोखल्यास नुकसान ग्राहकाचेच होते, अशी त्यांची भूमिका होती. १९९१ च्या धोरणाने ही पद्धत बहुतांशी रद्द झालेली त्यांना पाहता आली. त्यांना १९६५ साली पद्मभूषण मिळाले. ‘कॅक्टस अँड रोझेस’ हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र आहे. जन्मशताब्दीनिमित्त २००३ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.