रणांगणावर न लढलेला जनरल

हिटलर आणि चर्चिलवर आपण भरपूर वाचतो. मला मात्र सांगायचंय एका इंजिनिअरबद्दल. जनरल ल्युशियस क्ले.

त्यांचा जन्म अमेरिकेतल्या जॉर्जियातला. १९१८ मध्ये वेस्ट पॉइंटमधून पास होऊन ते लष्कराच्या इंजिनिअरिंग विभागात गेले. टेक्सासच्या सीमेवरच्या डेनिसन धरणाचं सुरुवातीचं काम त्यांच्याकडे होतं. लढाईत सैन्याचं नेतृत्व त्यांनी कधीच केलं नाही. आणि अशा माणसाला १९४५ मध्ये हरलेल्या जर्मनीचा कारभार बघायला पाठवलं!

तेव्हा सगळ्यांना धास्ती होती ती 'वेअरवुल्फ'ची. हिमलरने १९४४ मध्ये उभी केलेली ही गनिमी संघटना. मार्च १९४५ मध्ये तिच्या लोकांनी आखेनचे महापौर फ्रान्झ ओपेनहॉफ यांना गोळी घातली, कारण त्यांना अमेरिकनांनी नेमलं होतं. आता गल्लोगल्ली हेच होणार असं वाटत होतं. पण मोठं बंड झालंच नाही. का?

गनिमी काव्याला आसरा, रसद आणि रयतेची साथ लागते, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको. जर्मनीत यातलं काहीच नव्हतं. अख्खा देश चार फौजांच्या ताब्यात, बाहेरून मदत नाही, लाखो सैनिक कैदेत, लोक युद्धाला विटलेले. हिटलरनंतर आलेल्या डोनिट्झनेही मे १९४५ मध्ये 'वेअरवुल्फ'ला थांबायला सांगितलं.

मग धोका संपला का? नाही. खरा धोका भुकेचा होता. १९४६ मध्ये अमेरिकन विभागातलं रेशन दिवसाला १२७५ कॅलरींवर आलं. उपाशी माणसाला लोकशाही पटणार नाही, हे क्ले वॉशिंग्टनला पुन्हा पुन्हा सांगत राहिले. जानेवारी १९४६ मध्येच त्यांनी गावपातळीवर निवडणुका घेतल्या. १९४७ मध्ये ते लष्करी गव्हर्नर झाले. जून १९४८ मध्ये रशियाने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे बंद केली, तेव्हा त्यांनी विमानं लावली. सप्टेंबर १९४९ पर्यंत सुमारे २३ लाख टन माल शहरात उतरला, त्यात सर्वात जास्त कोळसा!

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. छळछावणीच्या खटल्यातल्या इल्झे कोखची जन्मठेप त्यांनी चार वर्षांवर आणली, त्यावरून अमेरिकेत प्रचंड टीका झाली.

१९७८ मध्ये ते वारले. वेस्ट पॉइंटमधल्या त्यांच्या समाधीवर बर्लिनकरांनी आभाराची शिळा बसवलीय. जिंकलेल्या फौजेच्या गव्हर्नरला हरलेल्यांनी असे आभार मानावेत, याहून मोठं सर्टिफिकेट कुठल्या इंजिनिअरला मिळणार?